निळा म्हणजे आहे

रंगांचा अर्थ काय, असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरतं. चित्रपटातल्या कपड्यांवर बोलायला म्हणून बोलावतात, हातात माईक देतात, आणि पहिल्या रांगेतलं कोणीतरी उठून विचारतंच, "नायिकेने शेवटी लाल घातलंय ते प्रेमाचं प्रतीक की रागाचं?" मी म्हणते, मागची भिंत मातकट होती आणि बाई त्यात बुडून जात होती, म्हणून लाल. लोक हसतात. त्यांना वाटतं मी विनयाने बोलतेय. विनय आणि मी! मावशी मला लहानपणापासून ‘टाचणी’ म्हणते ते काही उगाच नाही.

खरं सांगायचं तर रंगाला स्वतःचा असा अर्थ नसतो. तो प्रेक्षकाला शिकवावा लागतो. एखादा माणूस हसत घरात येतो तेव्हा पिवळा स्वेटर, पोराला खांद्यावर घेतो तेव्हा पिवळा स्वेटर. मग तासाभराने तोच स्वेटर नुसता खुंटीवर दिसला तरी थिएटरात नाकं ओढल्याचे आवाज येतात. आपण काही शिकलो हे त्यांना कळतही नाही. माझा सगळा धंदा एवढाच आहे आणि त्यात मी चांगली आहे. इतकी चांगली की शेवटी ते माझ्याच अंगाशी आलं.

माझी मावशी नटी. आता तिला ‘ज्येष्ठ अभिनेत्री’ वगैरे म्हणतात, पण ती स्वतःला नटीच म्हणवते आणि दुसरं काही ऐकलं की नाक मुरडते. लग्न केलं नाही. "सेटवर इतके संसार केले की हौस फिटली," असं सांगायची. मी दुसरीत असताना माझी आई वारली आणि तेव्हापासून मी मावशीची झाले.

आई गेली त्या दिवशी मला ते सांगायचं काम कोणी अंगावर घेईना. मोठी माणसं दारातून डोकावायची आणि माघारी फिरायची. शेवटी मावशी शूटिंग अर्धवट टाकून आली. तोंडावरचा मेकअप तसाच होता. ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाळ, आई आता नाही." मी विचारलं, "कुठे नाही?" ती म्हणाली, "कुठेच नाही." आडपडदा नाही की गोष्ट रचणं नाही. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. पुढे कळत्या वयात लक्षात आलं की त्या घरात माझ्याशी खरं बोलणारी ती एकटीच होती.

मग मी तिच्याबरोबर सेटवर जायला लागले, आणि सेटवर मुलीला ठेवायची जागा म्हणजे कपडेपट. कपड्यांच्या पेटाऱ्यावर बसून अभ्यास केला, त्यावरच झोपले, आणि गणितापेक्षा टाके लवकर शिकले. शाळेतल्या बाईंनी मोठेपणी काय होणार असं विचारलं, तर मी अस्तर लावणार म्हणून सांगितलं होतं. मावशी ते अजून सगळ्यांना सांगते. म्हणजे सांगायची.

गेल्या वर्षापासून ती विसरायला लागली. आधी आम्ही दोघींनी त्यावर विनोद केले. मग एकदा तिने दूध घेऊन आलेल्या माणसाला दारातच विचारलं, "शॉट ओके झाला का?" आणि त्या दिवशी दोघींनाही हसू आलं नाही. गंमत अशी की तिच्या डोक्यातून गोष्टी जात नव्हत्या, त्यांचा क्रम जात होता. जेवण झालंय हे तिला माहीत असायचं आणि आंघोळ झालीय हेही, पण आधी काय आणि नंतर काय ते सापडायचं नाही. वही तीच, फक्त शिवण सुटून पानं मोकळी झालेली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "नाव भारदस्त आहे. खलनायकाला शोभेल."

आणि त्याच सुमाराला तो दिग्दर्शक तिच्याकडे भूमिका घेऊन आला. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला एखादी आजी व्हायला न बोलावता, जिच्यावर सगळा चित्रपट उभा आहे अशी बाई व्हायला बोलावत होतं. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मला हे करायचंय, टाचणे. यानंतर काही मागणार नाही. पण कोणाला कळता कामा नये. कळलं तर काढून टाकतील. आणि काढलं नाही तर दया दाखवतील, ते त्याहून वाईट." मी हो म्हटलं. कपडे माझ्याकडे घेतले, म्हणजे दिवसभर तिच्या आसपास राहायला कारण झालं. संवाद थोडेच होते. ते मी घरी तिच्याकडून रोज घोटून घेत होते.

गोष्ट एका म्हाताऱ्या आईची. चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्यात तिचा मुलगा आहे. मग कारखान्यात अपघात होतो, आणि दुसऱ्या अर्ध्यात तो नाही. घर तेच, खुर्ची तीच, खिडकीही तीच. फरक दिसणार तो कपड्यांत. मी तिला मुलगा असेपर्यंत निळा झगा दिला आणि तो गेल्यावर राखाडी. लांब बाह्यांचा, पुढून बटणांचा, साधा, घरात वावरताना घालतात तसा. निळा मी स्वतः रंगवला, कारण बाजारातला ट्यूबलाइटखाली जांभळा मारत होता. त्याचे दोन जोड केले. एकाची शिवण उसवली किंवा त्याच्यावर चहा सांडला तर शूटिंगचा खोळंबा व्हायला नको.

रंगाचं काम करणारीने स्वतः रंगीत घालू नये. लाल शर्ट घालून पांढऱ्या कापडावर वाकलं की कापड गुलाबी दिसतं आणि डोळा फसतो. म्हणून मी कामावर कायम राखाडी डगला घालते. कपाटात एकसारखे टांगलेले आहेत. इतक्या वर्षांत मला तो दिसेनासा झालाय.

आता, चित्रपट काही गोष्टीच्या क्रमाने करत नाहीत. भाड्याचा फ्लॅट मिळाला की त्यातलं सगळं एका दमात उरकायचं. सकाळी मुलाच्या नावाने रडायचं आणि दुपारी त्याच खुर्चीत बसून त्याच्याशी भांडायचं. धडधाकट नटांचीही यात तारांबळ उडते. मावशीचं काय होणार याची मला धास्ती होती.

पहिल्याच दिवशी व्हायचं ते झालं. मेकअपच्या खोलीत मी तिच्या झग्याची बटणं लावत होते. आरशात बघत ती हलक्या आवाजात म्हणाली, "टाचणे, तो मुलगा... आत्ता आहे की नाही?" तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. कॅमेऱ्यापुढे जायला घाबरलेली मावशी मी जन्मात पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "बाहीकडे बघ. निळा आहे ना? निळा म्हणजे आहे."

"आणि राखाडी?"

"राखाडी म्हणजे नाही."

तिने बाही दोन बोटांत धरून कापड चोळलं. "एवढंच? आधी सांगायचं ना मग," म्हणाली, आणि बाहेर जाऊन मुलगा झालेल्या नटाला तिने असं काही झापलं की कॅमेऱ्यामागच्या माणसांना हसू आवरेना.

तेव्हापासून आमचं ते ठरून गेलं. शॉटच्या आधी ती भर सेटवर सगळ्यांसमोर विचारायची, "आहे की नाही?" मी म्हणायचे "आहे", किंवा "नाही". ऐकणाऱ्यांना ती बाईंची लकब वाटायची. आपण बोलताना म्हणतोच की, आज उकडतंय, आहे की नाही. चहा पांचट झालाय, आहे की नाही. लाइटवाल्यांनी तर तिची नक्कल सुरू केली. एकाने दिवा लावला की ओरडायचं, "आहे की नाही?" आणि दुसऱ्याने कोपऱ्यातून, "आहे!" मावशीही हसायची. आम्ही कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढे पुढे तिला विचारावंही लागेना. बाही चोळायची आणि चालू पडायची. निळ्यात तिची पाठ ताठ असायची, आवाजात दटावणी असायची. राखाडीत तीच बाई खुर्चीत बसायच्या आधी खुर्चीला हात लावून बघायची. मी दुरून बघत बसायचे आणि मला अभिमान वाटायचा, तिचा आणि थोडा माझाही. घरी तिचं एकेक सुटत चाललं होतं. माझ्या कामाचं नाव, नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते, शेजारीण. पण हे मात्र पक्कं बसलं. प्रेक्षकाच्या मनात जे नकळत उतरवायचं, ते तिच्या मनात उतरलं होतं.

या फ्लॅटमधलं काम संपत आलं तेव्हा एका दुपारी दिग्दर्शक कपडेपटात आला. तरुण आहे, हुशार आहे, आणि काही सुचलं की मान तिरकी करून उभा राहतो. तसा उभा राहिला.

"तो शर्टांचा सीन," तो म्हणाला. "सून नवऱ्याचे शर्ट खोक्यात भरायला आणते आणि मावशी ते घडी घालून देतात. त्यात त्यांना राखाडी नको. निळा द्या."

"मुलगा गेल्यानंतरचा सीन आहे तो."

"म्हणूनच. निळा म्हणजे मुलगा आहे, हे लोकांना एव्हाना कळलेलं असणार. आता तो गेलाय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ही बाई निळा घालून उभी राहते. मानायलाच तयार नाही. एक शब्द बोलायची गरज नाही."

कल्पना चांगली होती. चांगली कसली, फार चांगली होती. मला सुचायला हवी होती आणि सुचली नाही, कारण त्या झग्याकडे मी आता झगा म्हणून बघतच नव्हते. मी फाटे फोडायला लागले.

"भिंतीत मिसळेल."

"भिंत पिवळी आहे."

"विटलाय तो."

"विटलेलाच पाहिजे."

"मावशीला नाही आवडणार."

"मी विचारतो त्यांना."

"तू विचारू नकोस!" हे मी इतक्या जोरात म्हटलं की शिवणारे मास्टर मशीन थांबवून बघायला लागले.

"तुम्हाला झालंय काय?" त्याने विचारलं, आणि खरोखर काळजीने विचारलं. त्याच वेळी सगळं सांगून टाकता आलं असतं. माणूस भला होता. पण भल्या माणसाने आधी हळहळ व्यक्त केली असती आणि मग निर्मात्याला फोन केला असता. हा एक सीन आणि राखाडीतला एक छोटासा, एवढंच तर उरलं होतं. "मीच विचारते तिला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला आरशासमोर बसवलं आणि दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, आज निळा आहे. पण मुलगा नाही."

तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मग निळा कशाला? चुकलं असेल कोणाचं तरी. तुझंच."

"चुकलं नाही गं. मुद्दाम आहे. तो गेलाय आणि ती मानत नाहीये."

मग तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली, चांगली भूमिका हातात पडली की यायची ती. "म्हणजे आतून नाही, आणि वरून आहे."

"अगदी बरोबर."

"वा! डोकं कोणाचं?"

"दिग्दर्शकाचं."

"पोरगं हुशार आहे. तुला सुचलं नाही ना? म्हणून तोंड असं झालंय."

मी हसले. माझा जीव भांड्यात पडला. बाहेर जातानाही ती पुटपुटत होती, "आतून नाही, वरून आहे. आतून नाही, वरून आहे." मला वाटलं, जमलं.

पण सेटवर दिवे बदलायचं काम निघालं. खिडकीतलं ऊन सरकलं म्हणून सगळी जुळवाजुळव पुन्हा सुरू झाली, आणि मावशी तेवढा वेळ खुर्चीत बसून राहिली. मी तिच्या पायाशी झग्याची सुटलेली किनार टाचत होते. तिचे ओठ हलायचे थांबले ते माझ्या लक्षात आलं. वर बघितलं तर तिने बाही दोन बोटांत धरली होती आणि कापड चोळत होती. तिचा चेहरा हळूहळू निवळला. पाठ ताठ झाली. मी "मावशी" म्हणून हाक मारेपर्यंत मला बाजूला व्हायला सांगितलं गेलं आणि शॉट सुरू झाला.

सून झालेली मुलगी शर्टांचा ढीग घेऊन आली आणि टेबलावर खोकं ठेवलं. ठरलं होतं असं की मावशी एकेक शर्ट घडी घालेल आणि शेवटच्याशी थांबेल. तिने पहिला शर्ट उचलला, कॉलर उलटून बघितली आणि चुकचुकली. "बघ, बघ कशी मळवलीय. किती वेळा सांगितलं याला, मानेला पावडर थापू नकोस म्हणून." टेबलाच्या कडेला इस्त्री होती, दुसऱ्याच सीनसाठी ठेवलेली. ती तिने ओढली, बोटाला थुंकी लावून तापलीय का ते बघितलं, आणि शर्ट पसरून इस्त्री करायला लागली. "खोकं कशाला आणलंस? कपाटात लाव. उद्या सकाळी शोधत बसेल आणि घर डोक्यावर घेईल."

सुनेला काय करावं कळेना. तिने हातातला शर्ट छातीशी धरला आणि ती रडायला लागली, अगदी खरं. मावशीने इस्त्री उभी केली, तिच्याजवळ गेली, पाठीवरून हात फिरवला. "अगं, भांडलात का? भांडू दे. भूक लागली की येतो बरोबर." आणि दाराकडे बघितलं. त्या बघण्यात काळजी नव्हती, नुसती सवय होती, दार रोज उघडतं त्याची.

"कट" म्हणताना दिग्दर्शकाचा आवाज फाटला. टाळ्या वाजल्या. कॅमेरावाला डोळे पुसत होता. दिग्दर्शक पुढे आला आणि तिच्या पायाशी बसला. "मावशी, हे सुचलं कसं तुम्हाला?"

"सुचायचंय काय त्यात? कॉलर मळली होती." तिने त्याच्या डोक्यावरून पुन्हा दाराकडे नजर टाकली. "पण याला आज उशीर का झाला?"

सगळे हसले. बाई अजून भूमिकेतच आहेत, कोणीतरी कौतुकाने म्हणालं. मग तिने मला शोधलं, दिव्यांच्या मागे उभ्या असलेल्या मला, आणि भर सेटवर विचारलं, "टाचणे, आहे की नाही?"

कोपऱ्यातून लाइटवाला ओरडला, "आहे!" पुन्हा हशा झाला. तिला ते पुरलं नाही, ती माझ्याकडेच बघत होती. मी मान हलवली आणि म्हटलं, "आहे." मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. पण तीस माणसांसमोर तिचा मुलगा मारायची माझी हिंमत झाली नाही.

"आता हेच जवळून घेऊ," दिग्दर्शक उठत म्हणाला. "अगदी असंच, मावशी. यातलं काही बदलायचं नाही."

म्हणजे पुन्हा तो ढीग, पुन्हा ती मळकी कॉलर, आणि पुन्हा दाराकडे बघणं. एव्हाना त्या बघण्यात काळजी उतरायला लागली होती. पुन्हा घेतलं असतं तर ती त्याला शोधायला रस्त्यावर गेली असती. माझ्या गळ्यात छोटी कात्री नेहमीच असते. मी मावशीजवळ गेले, खांदा सारखा करायचं निमित्त केलं आणि बाहीची शिवण काखेपासून कोपरापर्यंत कापली.

"शिवण गेली," मी म्हटलं.

"दुसरा जोड आहे ना? तो घाला," दिग्दर्शक म्हणाला, आणि मी मावशीला हाताला धरून मेकअपच्या खोलीत नेलं.

दार लावलं. फाटका झगा उतरवला आणि तिला तिचा घरचा बदामी गाऊन घातला. दुसरा निळा समोर हँगरवर लटकत होता. त्याला मी हात लावला नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगायचं, गाडी मागवायची, घरी न्यायचं, मग पुढचं पुढे. एवढंच माझ्या डोक्यात होतं. झग्याबरोबर तो मुलगाही तिच्या मनातून उतरला असावा, कारण ती त्याचं नाव काढत नव्हती. शांत बसून आरशातल्या दिव्यांकडे बघत होती. मी जमिनीवर बसले आणि तिच्या पायात बूट घालायला लागले.

तिने माझी बाही दोन बोटांत धरली आणि कापड चोळलं.

"राखाडी," ती म्हणाली.

"हो गं. माझा नेहमीचाच डगला."

"कोण गेलं?"

मला आधी कळलंच नाही. "कोणी नाही गेलं, मावशी."

"खोटं बोलू नकोस. राखाडी म्हणजे नाही. तूच सांगितलंस." ती खोलीभर बघायला लागली, कोपऱ्यात, दारामागे. "ताई कुठेय? सकाळपासून दिसली नाही. ताई गेली का?"

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. माझी आई.

बुटाची नाडी माझ्या हातात तशीच राहिली. आईला जाऊन इतका काळ झालाय की मला तिचा चेहरा आठवतो तो फोटोतलाच. मी विचार केला, मावशी त्या दिवशी माझ्याशी खरं बोलली होती. मीही तिच्यासमोर जमिनीवरच बसलेय. तेवढं तरी मी तिच्यासाठी करायला हवं.

"मावशी," मी म्हटलं, "आई आता नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. दुसरीतल्या पोरीचे डोळे होते ते.

"कुठे नाही?"

उत्तर मला पाठ होतं. एक शब्द होता. मी तोंड उघडलं आणि तो बाहेर येईना. तिच्याएवढं धैर्य माझ्यात नाही, कधीच नव्हतं. मी आपली लोकांच्या बटणांशी झटापट करणारी बाई. मी उठले. डगला काढून कोपऱ्यात भिरकावला, हँगरवरचा निळा झगा ओढला आणि अंगात चढवला. काखेत आवळत होता, बटणं वर-खाली लागली. मी पुन्हा तिच्यासमोर बसले आणि हात पुढे केला.

तिने बाही धरली. खूप वेळ चोळत राहिली.

"निळा," ती म्हणाली.

"निळा."

"मग आहे."

"आहे."

"अगं मेले, मग घाबरवतेस काय मला!" तिने माझ्या दंडावर चापट मारली आणि खुर्चीत मागे टेकली. "कुठेतरी गप्पा मारत बसली असेल. वेळेवर येईल ती ताई कसली. लहानपणापासून हिची वाट बघण्यात माझा जन्म चाललाय."

मी रडत होते आणि हसतही होते. माझ्या आईला उशीर करायची सवय होती, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

दार वाजलं. "झालं का?" दिग्दर्शकाचा आवाज. "ऊन चाललंय." मी दार अर्धवट उघडलं. त्याने मला त्या झग्यात बघितलं, चुकीच्या लागलेल्या बटणांसकट, आणि काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं.

मागून मावशीने विचारलं, "कोण आहे गं? ताई आली का?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या डगल्याकडे, मग माझ्या बाहीकडे. मी आधीच म्हटलं, हुशार आहे. त्याला सगळं कळलं, आणि थोड्या वेळापूर्वी आपण काय टिपलं तेही कळलं. तो दाराच्या चौकटीला टेकला.

"केव्हापासून?" त्याने हळू विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"राखाडीतला एक राहिलाय," तो म्हणाला. मागत नव्हता. नुसतं म्हणाला.

"राहू दे. तिला आता राखाडी घालता येणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

त्याची नजर खाली पडलेल्या फाटक्या झग्यावर गेली आणि शिवण उसवली नव्हती, कापली होती, हेही त्याला दिसलं. मला वाटलं आता चिडेल. तो तिथेच उभा राहिला, पोरासारखा, आत यावं की जावं ते न कळून.

"अरे, दारात काय उभा?" मावशी म्हणाली. "बस. ताई येतेय, सगळे मिळून चहा घेऊ."

तो आत आला आणि मेकअपच्या स्टुलावर अवघडून बसला. मावशीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी सहज, कोणीही बोलतं तसं विचारलं, "येईलच ती इतक्यात. आहे की नाही?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"आहे," मी म्हटलं, आणि थर्मासमधून चार कप भरले.